दक्षिणेचा उसना मांडव

सध्यां आमच्या सुशिक्षित घरांत लग्न ठरलें कीं पहिला प्रश्न मुहूर्ताचा निघत नाहीं, मानपानाचाही निघत नाहीं, 'थीम कोणती?' हा निघतो. विवाह कोणत्या पद्धतीनें व्हावा हें पूर्वी कुळाचार ठरवी. आतां तें काम डेकोरेटर नामक गृहस्थाकडे गेलें असून, तो आपल्या मोबाइलवर चित्रें सरकवीत जातो आणि वधूपक्ष व वरपक्ष चष्मे सांवरीत त्यांतून एक संस्कृति पसंत करतात. या चित्रांत राजस्थानी आहे, पंजाबी आहे, 'पेशवाई' म्हणून कांहीं एक प्रकार आहे (तो पाहून खुद्द पेशवेही बुचकळ्यांत पडले असते), आणि अलीकडे ज्याची मागणी फार आहे असें आम्हांला सांगण्यांत येतें तें 'साउथ' आहे. या 'साउथ'विषयीं आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड असणार नाहींत हें आधींच सांगून ठेवतों. आमचा रोष दक्षिणेवर नाहीं. तसा असता तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

गेल्या माघांत कासारवाडींत आमच्या भाचीचें लग्न झालें. मुलगा मलयाळी, नायर कुटुंबांतला. त्याचे आजोबा १९६० नंतरच्या दशकांत त्रिशूरकडून इकडे आले. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं निघाला होता. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी हीं गांवें पाहतां पाहतां यंत्रांच्या आवाजानें भरून गेलीं. त्या यंत्रांना जीं माणसें लागलीं त्यांत केरळांतून आलेल्या टंकलेखकांचा, फिटरांचा आणि परिचारिकांचा भरणा मोठा होता. आजोबा आतां हयात नाहींत. आजीला घरांत सर्वजण 'अच्छम्मा' म्हणतात. पन्नासांवर वर्षें कासारवाडींत काढल्यामुळें ती भाजीवाल्याशीं मराठींत घासाघीस करते, आणि आमच्या वर्गांतल्या कित्येक मुलांपेक्षां तिचीं क्रियापदें शुद्ध असतात.

आमच्या भगिनीच्या मनांत आलें कीं व्याही दक्षिणेकडचे, तेव्हां त्यांचा मान राखावयाचा तर सगळा थाट दाक्षिणात्यच हवा. हेतु निर्मळ होता. 'साउथ'चें पॅकेज ठरलें, आणि खर्चाचा कांहीं भाग मामा या नात्यानें आम्हींही उचलला, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे.

काय पाहिलें तें सांगतों. दारांत फायबरचें गोपुर, तें तमिळ. गोपुराच्या दोहों बाजूंस कथकलीचे मुखवटे. कथकलींत नट मुखवटा घालीत नाहींत, चेहरा रंगवितात, ही गोष्ट कोणाच्या गांवीं नव्हती. व्यासपीठामागें कापडावर छापलेला हंपीचा दगडी रथ. तो कर्नाटकाचा, आणि गंमत म्हणजे विठ्ठलाच्याच देवळापुढला. ध्वनिवर्धकांतून नागस्वराची मुद्रित धून. स्वागतास उभ्या असलेल्या मुलींचा पोशाख कोणत्या प्रांतांतला तें आम्हांला ओळखतां आलें नाहीं. त्यांना तरी कोठून ठाऊक असणार! भोजनगृहांत बुफे मांडला होता आणि प्रत्येक ताटलीवर केळीच्या पानाचें चित्र होतें. व्याह्यांची मंडळी हें सर्व मोठ्या कौतुकानें पाहत होती. परक्या मुलुखांतली प्रेक्षणीय स्थळें पाहावींत, तसें.

अच्छम्मानें घरून एक पितळी दिवा आणला होता. त्याला तिकडे 'निलविळक्कु' म्हणतात. जमिनीवर उभा ठेवावयाचा, तेलाच्या वातींचा दिवा. त्यांच्या घराण्यांत विवाहाचा साक्षी तोच. त्याच्याजवळ भातानें भरलेलें 'परा' नांवाचें माप, त्यांत नारळीचा कोवळा तुरा. त्यापुढें वरानें ताली बांधावयाची, पुडवें म्हणजे वस्त्र द्यावयाचें, हार घालावयाचे, कीं लग्न झालें. होम नाहीं, लांबलचक मंत्रपाठ नाहीं. मंगलाष्टकांचीं कडवीं मोजण्याची संवय असलेल्या आम्हां लोकांना तर सुरुवात केव्हां झाली हें कळण्यापूर्वींच सर्व संपतें. असा हा दिवा व्यासपीठावर ठेवूं लागतांच व्यवस्थापक धांवत आला. तेल सांडून पांढरा गालिचा डागाळेल, मागच्या कापडाला आग लागेल, आणि शिवाय व्यासपीठाच्या दोन्ही टोकांना विजेवरचे पुरुषभर उंचीचे दिवे आहेतच, त्यांत हा 'मॅच' होणार नाहीं. आगीची भीति खोटी नव्हती. परंतु दिवा आणि कापड यांतून एक मागें घ्यावयाचें होतें, तर कापडच मागें घ्यावें असें त्या मांडवांत एकालाही वाटलें नाहीं. दिवा गेला पडद्यामागें, ध्वनियंत्राच्या पेट्यांशेजारीं. अच्छम्मा म्हणाली, "असूं द्या. लागला ना, बस्स." आणि ती पदर सांवरून त्या पेट्यांजवळच एका खुर्चीवर बसली, वारा लागूं नये म्हणून. ताली बांधली गेली तेव्हां तिची पाठ वधूवरांकडे होती. आम्ही तेथेंच उभे होतों. आम्हीं तोंड उघडलें नाहीं. तें पाप डेकोरेटरच्या माथीं मारण्याची आमची तयारी नाहीं. परंतु ज्या विचारसरणीनें तें घडलें तिचा समाचार घेणें आम्हांला भाग आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, 'दाक्षिणात्य पद्धति' असा पदार्थच अस्तित्वांत नाहीं. तमिळ ब्राह्मणाच्या घरीं वर छत्री, काठी आणि पंखा घेऊन काशीयात्रेस निघतो, आणि सासरा त्याला समजावून परत आणतो. मग वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गातात. तेलुगु घरीं वधूवरांमध्यें पडदा धरतात आणि मुहूर्त येतांच जिरें व गूळ यांची गोळी एकमेकांच्या मस्तकावर ठेववितात. कन्नड विवाहाचा प्राण 'धारे' म्हणजे जलाची धार. कोडगूच्या लग्नांत ब्राह्मण पुरोहितच नसतो, वडील माणसेंच आशीर्वाद देतात. केरळचे सुरियानी ख्रिस्ती लोकही वधूला 'मिन्नु' बांधतात आणि त्याचा दोरा वरानें दिलेल्या मंत्रकोडीच्या सुतांतून काढतात. एवढा पसारा एका शब्दांत कोंबून विकणें म्हणजे नागपूरचा वडाभात, कोल्हापूरचा रस्सा आणि मालवणची सोलकढी एका पातेल्यांत ओतून त्याला 'महाराष्ट्र' म्हणण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट नागस्वराची. ताली बांधण्याच्या क्षणीं नागस्वर व तविल एकदम जोरानें व द्रुत लयींत वाजूं लागतात. त्याला 'गेट्टिमेळम्' म्हणतात. त्या क्षणीं अशुभ शब्द, कोणाची शिंक, रडें कानीं पडूं नये हा त्याचा हेतु. वाजविणारा तोंडांत वाद्य धरून सर्व वेळ पुरोहिताच्या बोटाकडे पाहत असतो. बोट हललें कीं मेळ उसळतो. मुद्रित धुनेला डोळे नसतात. आमच्या मांडवांत ती धून ताली बांधून झाल्यावर वाजली, आणि छायाचित्रकाराच्या सोयीसाठीं वरानें बांधलेल्या गांठीला पुन्हां हात लावून दाखविला! शिवाय नायरांच्या या लग्नाला तमिळ मेळ हवाच कशाला, हा प्रश्न उरतोच. तो विचारण्यास तेथें सवड कोणाला होती?

आतां एक पक्ष असा आहे कीं, तो आमचें एवढें बोलणें ऐकून टाळ्या वाजवील व म्हणेल, 'बरोबर! मराठी माणसाला हा दक्षिणेचा सोस कशाला?' या पक्षाशीं आमचें मुळींच जमावयाचें नाहीं. दक्षिण आणि आम्ही यांत कुंपण कोणीं घातलें? पंढरीच्या देवाला ज्ञानदेवांनींच कानडा म्हटलें. तेलुगु वधूवरांमधला तो पडदा आमच्या अंतरपाटाचा सख्खा भाऊ आहे. तंजावरास भोसल्यांचें राज्य सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत नांदलें. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला मराठी लेख आजही वाचतां येतो. तेथल्या शहाजीराजांच्या मराठी नाटकांतलें एक 'लक्ष्मीनारायण कल्याण' या नांवाचें आहे, आणि कल्याण म्हणजे तिकडे लग्न! उलट, १९६६ नंतर मुंबईंत दाक्षिणात्य कारकुनांविरुद्ध जी चळवळ उठली तिनें लुंगी हा शब्द शिवीसारखा वापरला, आणि त्या वेळीं आमच्या वर्गांतली पुष्कळ मंडळी मनांतून सुखावली होती. त्यांचीच नातवंडें आज छायाचित्रापुरतें सोनेरी कांठाचें मुंडु नेसतात. शिवी गेली हें उत्तम झालें. परंतु शिवी देतांना जसा समोरचा माणूस दिसत नव्हता, तसा तो सजावट करतांनाही दिसत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आणि दक्षिणेचेंच कांहीं घ्यावयाचें तर आमची नजर फुलांच्या माळांपुढें कां जात नाहीं? पेरियार रामसामींनीं तमिळ मुलुखांत स्वाभिमान-विवाह रूढ केला: पुरोहित नाहीं, आप्तेष्टांसमक्ष माळ, अंगठी किंवा ताली, एवढेंच. १९६७ सालीं अण्णादुराईंच्या सरकारनें हिंदु विवाह कायद्यास दुरुस्ती जोडून त्याला मान्यता दिली. त्याच्या कितीतरी आधीं, १८७३ च्या डिसेंबरांत, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें भटावांचून पहिलें लग्न लावलें होतें. हें साम्य केवढें थोर! पण कोणत्याही डेकोरेटरच्या चित्रांत तें सांपडावयाचें नाहीं, कारण त्याला फायबर लागत नाहीं.

'पैसा त्यांचा, हौस त्यांची, प्राध्यापकांनीं मध्यें कां पडावें?' असें विचारणारे आहेतच. त्यांच्यासाठीं कायद्याकडे वळतों. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणें विवाह दोहोंपैकीं कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनें लागूं शकतो. कलमांत वराचा पक्ष आहे, वधूचा आहे. डेकोरेटर हा तिसरा पक्ष त्यांत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही एप्रिल २०२४ मध्यें एका निकालांत बजावलें कीं, हिंदु विवाह हा संस्कार आहे, नाचगाणें व खाणेंपिणें यांचा समारंभ नव्हे, आणि योग्य विधि झालाच नसेल तर नोंदणीच्या नुसत्या दाखल्यानें विवाह सिद्ध होत नाहीं. हौस जरूर करावी. आम्ही कांहीं विरक्त नाहीं. मोगऱ्याचे गजरे आम्हांलाही आवडतात.

आतां जागेचें. कासारवाडी म्हणजे पुणें-मुंबई रस्ता, लोहमार्ग आणि नाशिक फाट्याचा दुमजली पूल यांच्या बेचक्यांतलें गांव; ६ मार्च २०२२ पासून मेट्रोही वरून धांवते. संध्याकाळीं भोसरी-चाकणकडच्या पाळ्या सुटल्या कीं फाट्यावर वाहनांची मुंगी होते. अशा ठिकाणीं, अशा वेळीं, आमचें लग्न होतें. कारण विजेची रोषणाई अंधारांतच खुलते. केरळीय रीतीनें लग्न दिवसा, बहुधा दुपारच्या आंत लागतें. तें सकाळीं ठेवलें असतें तर निम्मे पाहुणे मेट्रोनें वा लोकलनें सुखानें आले असते, आणि रीतही राहिली असती. गुरुवायूरच्या कृष्णमंदिरासमोर ८ सप्टेंबर २०२४ या एका दिवशीं तीनशेंहून अधिक लग्नें लागलीं. एका लहानशा मंडपाला जें साधतें त्याला आमच्याकडे हजार खुर्च्यांचें दालन अपुरें पडावें, हें नवल नव्हे काय? निगडीस केरळीय समाजाचें कृष्णमंदिर आहे. तेथें चौकशी करण्याचें कोणाच्या डोक्यांतही आलें नाहीं. जागा शोभावयाची ती विधीला, छायाचित्राला नव्हे. तेलाचा दिवा जेथें जमिनीवर ठेवतां येत नाहीं ती जागा, भाडें कितीही असो, त्या लग्नापुरती नालायक.

जेवणाचें थोडक्यांत. सद्येचें मर्म केळीच्या पानांत नाहीं, वाढण्यांत आहे. निमुळतें टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, वरच्या बाजूस लोणचीं-तोंडीलावणीं, मग भात, आणि पायसम् घेऊन येणारा माणूस आग्रह करतो तो. आमच्या जुन्या पंगतींत हेंच होतें, वरणभातावर तुपाची धार धरून. हातांत ताटली घेऊन रांगेंत उभें राहिल्यावर खालीं पानाचें चित्र असलें काय, नसलें काय! रसम् तर त्या सपाट चित्रावरून थेट आमच्या अंगरख्यावर आलें.

अच्छम्माच्या धाकट्या नातवाचें लग्न येत्या वैशाखांत ठरलें आहे. मुलगी पुन्हां मराठीच, चिंचवडची. दोन्हीकडच्या मंडळींनीं या खेपेस आम्हांला बोलावलें, आणि गेल्या रविवारीं आम्ही अच्छम्माला घेऊन तीन ठिकाणें पाहून आलों. ती प्रत्येक ठिकाणीं आंत जाऊन आधीं फरशी पाही, मग वरचे पंखे पाही, कारण पंख्याखालीं वात टिकत नाहीं. दोन जागा तिनें तेवढ्यावरच नापसंत केल्या. तिसरी, एका लहानशा कार्यालयाची, तिला आवडली; पण तेथें सकाळचें सत्र आधींच कोणीतरी घेतलें आहे. त्यांना दिवस बदलतां येईल काय, हें विचारावयास आम्ही उद्यां जाणार आहों.