दात पांढरे करायचे आहेत? आधी ते पिवळे का झाले ते पाहा

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात लग्नसराई सुरू होते आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो: "डॉक्टर, दात पांढरे करून मिळतात का? फोटोत फार पिवळे दिसतात." मी जनरल प्रॅक्टिशनर आहे, दंतवैद्य नाही. तरी हा प्रश्न आधी माझ्याकडेच येतो. तोवर घरी बरेच प्रयोग झालेले असतात: लिंबू-मीठ, खाण्याचा सोडा, कोळशाची काळी पेस्ट, मोबाइलवरून मागवलेल्या पट्ट्या.

मागच्या हंगामात एक तरुण ताप आणि घसादुखीसाठी आला. लग्न तीन आठवड्यांवर होते. एका पार्लरमध्ये त्याने "एका बैठकीत दात चकाचक" असे पॅकेज बुक केले होते, ते सुरक्षित आहे का एवढेच त्याला विचारायचे होते. घसा पाहायला मी "आ करा" म्हटले, तर त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडले. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि हाताला दोरीसारखी ताठ लागत होती. सावजी रस्सा वर्षभरापासून खाता येत नव्हता, तोंडाची आग व्हायची. ते त्याने ॲसिडिटीवर ढकलले होते. दिवसाला चार-पाच खर्रे चालू होते.

त्याच्या दातांवरचे तपकिरी डाग आणि गालाचा ताठपणा यांचे कारण एकच होते. पार्लरमध्ये डाग फिके झाले असते, गालाकडे मात्र कोणी पाहिले नसते. म्हणून रंगाकडे वळण्याआधी डागांमागचे कारण शोधणे गरजेचे आहे.

खर्रा आणि दातांचा रंग

पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा मिळतो. विदर्भात हे वेगळे सांगायची गरज नाही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि पुढच्या आदेशांत खर्रा व मावा यांचीही नावे आली. बंदी किती पाळली जाते, ते तुमच्या चौकातल्या ठेल्यावर तुम्ही रोज पाहता.

सुपारीमुळे गालाखालच्या पेशीजालात तंतू साचत जातात आणि तोंड उघडणे कमी होते. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. "मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो" असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. याच संस्थेचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख २० हजारांचा आजार सुपारी आणि चघळायच्या तंबाखूमुळे असल्याचा अंदाज त्यात आहे, आणि त्यांतले ८३ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या भारतातले होते.

एक तपासणी तुम्ही आत्ता आरशासमोर करू शकता. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. ती जात नसतील, तिखट लागत असेल, किंवा गालात, जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दात पांढरे करायचे राहू द्या आणि तोंड तपासून घ्या.

तंबाखूने दात घासायची सवयही अजून गेलेली नाही. मशेरी, गुडाखू "दात मजबूत करतात" हा समज घराघरांत आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मशेरी घरीच भाजून केली जाते, त्यामुळे ती या बंदीच्या बाहेर राहिली. आजी-आईला हे प्रेमाने सांगावे लागेल, रागावून उपयोग होत नाही.

सगळा पिवळेपणा सारखा नसतो

चहा, खर्रा, विडी-सिगारेट यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरले तरी तपकिरी डाग येतात, आणि लोहाच्या सिरपने मुलांचे दात काळपट होतात. आमच्याच औषधांचा हा प्रताप, पण तो निघतो. त्यासाठी दात साफ करून घेणे, म्हणजे स्केलिंग, बहुतेकदा पुरते. स्केलिंगने दात ढिले होतात हा गैरसमज आहे. कीट निघाल्यावर दातांमधल्या फटी दिसतात आणि दात हलल्यासारखे वाटतात, एवढेच. हिरड्यांचा आजार आधीच असेल तर तो त्या कीटामुळे झालेला असतो.

लहानपणी टेट्रासायक्लिन गटाचे औषध मिळाले असेल तर दात आतूनच करडे झालेले असतात. ते सहज उजळत नाहीत. एकच दात काळा पडला असेल तर पूर्वी मार लागून त्याची नस मेलेली असू शकते. त्याला आधी एक्स-रे हवा, बाहेरून लावलेल्या जेलचा फारसा उपयोग नाही.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून येणाऱ्या काही मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके असतात. "हा ब्रशच करत नाही," अशी आईची तक्रार असते. खरे कारण बोअरवेलच्या पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड असू शकते. साधारण आठ वर्षांपर्यंत, दात हिरडीखाली घडत असताना, ते पाणी पोटात गेले की डाग दातातच तयार होतो. घासून तो जाणार नाही. ब्लीचने तर सुरुवातीला पांढरे पट्टे अधिक उठून दिसू शकतात. दंतवैद्याकडे त्यासाठी वेगळे उपाय आहेत. पण मला मोठ्या मुलाच्या दातांपेक्षा तेच पाणी पिणाऱ्या धाकट्या भावंडाची काळजी जास्त वाटते. पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते होते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

घरचे उपाय

दाताचे वरचे कवच, इनॅमल, एकदा झिजले की परत येत नाही. त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर असतो. लिंबाने कवच विरघळते, राखुंडी आणि कोळशाने घासले जाते. पहिले काही दिवस दात उजळ दिसतात, मग आतला पिवळा थर डोकावू लागतो. म्हणजे पांढरे करता करता दात कायमचे पिवळे होतात, वर गार पाण्याची कळ येते ती वेगळी. कोळशाच्या पेस्टबद्दल अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या नियतकालिकात २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला होता. ती सुरक्षित किंवा परिणामकारक आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्या संत्र्यांवर माझा राग नाही, भरपूर खा. फक्त खाल्ल्यावर चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

मग खरे ब्लीचिंग कोणते?

दाताचा स्वतःचा रंग उजळवणारे औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्यातच रूपांतर होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा मार्ग हा: दंतवैद्य तुमच्या दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतात, आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल त्यात घालून तुम्ही तो रात्री लावता, साधारण दोन आठवडे. दवाखान्यात एका बैठकीत जास्त तीव्र औषध वापरतात, तेव्हा हिरड्या नीट झाकाव्याच लागतात, नाहीतर त्या भाजतात. निळ्या दिव्याला भुलू नका. त्याने टिकाऊ फरक पडतो असे दिसलेले नाही.

थोडे दिवस कळ येणे अपेक्षित आहे, ती सहसा जाते. सिमेंट, कॅप यांचा रंग मात्र बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळले की पुढची जुनी कॅप वेगळी दिसू लागते, हे आधीच विचारून ठेवा. कीड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी त्याचे उपचार. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांनी, तसेच १८ वर्षांखालच्या मुलांनी थांबावे. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची उत्पादने दंतवैद्यामार्फतच मिळतात, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन किट कोणीही मागवतो, आणि काहींवर औषधाचे प्रमाणही लिहिलेले नसते. असे किट घेऊ नका. पार्लरचे पॅकेजही नको: नोंदणी असल्याशिवाय दातांवर उपचार करता येत नाहीत, हा नियम आपल्या देशात १९४८ च्या कायद्यापासून आहे. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कसला? खर्च परवडत नसेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात तपासणी आणि स्केलिंग होऊ शकते.

त्या तरुणाला मी तिथेच पाठवले. पार्लरचे आगाऊ पैसे बुडाले म्हणून तो नाराज होता. तिथे त्याच्या तोंडाची तपासणी झाली, खर्रा सोडवायचे समुपदेशन आणि तोंड उघडायचे व्यायाम सुरू झाले, आणि दात साफ करून मिळाले. लग्नानंतर तो बायकोला घेऊन आला. दात अगदी शुभ्र नव्हते. खर्रा पाचावरून एकावर आला होता. तोही सोडायची तारीख बायकोने माझ्यासमोर त्याच्याकडून घेतली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोंड दाखवायला यायचे ठरले.