खुणांचे पंडित

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा १९९० सालचा विनोदी संगणक-खेळ. त्यांतील चांच्यांच्या ‘स्कम’ गुत्त्याचें नांव, ज्या आज्ञावलीवर खेळ रचला तिचेंच. तेथला एक चांचा त्याच कंपनीच्या ‘लूम’ खेळाच्या जाहिरातीचा बिल्ला मिरवितो. अशा खुणा न ओळखणाऱ्यास अनधिकारी ठरविणाऱ्या पंडितांशीं आमचा वाद आहे. या खेळांत तलवारीचें द्वंद्व हाताच्या चपळाईनें नव्हे, तर टोमण्यास बिनतोड उत्तर देऊन जिंकावें लागतें. हें कळण्यास कोणती खूण ठाऊक असावी लागते? खूण पटल्याचा आनंद आम्हांसही होतो. पण तो ओळखीचा आनंद, विनोदाचा नव्हे. श्लेष मोजून काव्य हातीं लागत नाहीं, तसेंच हें!