विद्वत्तेची मोजपट्टी

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. सोपानदेव आदींनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे. अशा विद्यापीठांत शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या संशोधनाचे मोल उद्या कशावरून ठरणार? निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केला, या आकड्यावरून?

सैद्धांतिक रसायनशास्त्र या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. ली, यांग आणि पार यांचा १९८८ चा निबंध जगात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांपैकी आहे. त्यातील सूत्र संगणक-प्रणालींत बसले आणि ते वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करू लागला. ज्या होहेनबर्ग-कोन सिद्धांतावर (१९६४) ते उभे आहे, तो मात्र या गणतीत त्याच्या मागे आहे. म्हणजेच आकडा वापर सांगतो, पायाचे मोल सांगत नाही.

पुणे विद्यापीठातील डॉ. श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या विद्युत विभवाचा अभ्यास केला, मोठ्या रेणूचे तुकडे पाडून गणित सोडवण्याची रीत विकसित केली. १९९३ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. हे कार्य जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या साथीने, वर्षानुवर्षे उभे राहिले. रिक्त जागा, ओस प्रयोगशाळा आणि कंत्राटी अध्यापक यांतून ते उभे राहत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : कायम नेमणुका, सर्वांस खुली ग्रंथालये, आणि आकड्याऐवजी जाणकारांनी निबंध वाचून केलेले मूल्यमापन.