जुन्या संगणकाचा ड्रायव्हर कुठं मिळतो?

आमच्या मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका आहे. दोन खोल्या, एका भिंतीला पुस्तकांची कपाटं आणि दुसऱ्या भिंतीला लागून पाच संगणक. संगणक नवे नाहीत. एका खासगी कार्यालयाने मोडीत काढले तेव्हा वर्गणी गोळा करून आम्ही ते घेतले. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, नोकरीसाठीचा बायोडाटा, सगळं त्यांच्यावरच होतं. हे मोबाइलवरही होतं की, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या इवल्याशा पडद्यावर दहा पानांचा अर्ज भरून, फोटो नि सही ठरलेल्या केबीत बसवून दाखवावी.

२०२३ सालची गोष्ट. एके दिवशी अर्जाच्या संकेतस्थळाने सांगितलं, तुमचा ब्राउझर जुना आहे. ब्राउझर नवा टाकायला गेलो तर तो म्हणाला, तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी आहे. मोहल्ल्यातल्या एका पोराला यातलं कळतं. त्याने दोन रात्री जागून पाचही संगणकांवर पुढची सिस्टिम चढवली. सकाळी संगणक सुरू केले तर पडद्यावरची अक्षरं फुगलेली, माणसांचे फोटो आडवे ताणलेले. पान वर-खाली सरकवलं की ते तुटक तुटक हलायचं. व्हिडिओ लावला की आवाज पुढे आणि चित्र मागे. अर्ज भरणाऱ्या एका मुलीने विचारलं, "भाईजान, मॉनिटर गेला का?" मॉनिटर ठीक होता. अर्जाच्या चौकटीतलं 'सबमिट'चं बटण मात्र पडद्याच्या खाली गेलं होतं आणि काही केल्या वर येत नव्हतं.

ती मुलगी रात्री भावाला सोबत घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सायबर कॅफेत गेली आणि अर्ज भरून आली. एका मुलाचा मात्र राहिला. शेवटची तारीख गेली आणि शिष्यवृत्तीचं त्याचं ते वर्ष हातचं गेलं. त्याच्या अब्बांना काय झालं ते समजावून सांगताना माझीच पंचाईत झाली. "ग्राफिक्स ड्रायव्हर नव्हता" हे कारण एका रिक्षावाल्या माणसाला कसं सांगणार? ते म्हणाले, "ड्रायव्हर तर मी आहे." आम्ही दोघंही हसलो, पण तो हसण्याचा विषय नव्हता.

तेव्हापासून हा ड्रायव्हर नावाचा प्रकार मी समजून घेतोय. ऑपरेटिंग सिस्टिम एक भाषा बोलते आणि पडद्यावर चित्र काढणारी चिप दुसरी. ड्रायव्हर हा दोघांमधला दुभाष्या. सिस्टिम बदलली की तिची बोलण्याची रीतही बदलते. विंडोज एक्सपीनंतर व्हिस्टा आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच नवी झाली आणि विंडोज ८ पासून एक्सपीच्या पद्धतीचे ड्रायव्हर चालेनासे झाले. ३२ बिटची सिस्टिम काढून ६४ बिटची टाकली तरी ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो. चिप तीच, ताकदही तीच. दुभाष्या तेवढा नवा हवा, आणि तो बहुतेक वेळा कंपनीलाच पाठवावा लागतो. तो आला नाही तर विंडोज 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' नावाचा कामचलाऊ दुभाष्या बसवते. त्याला चार शब्द येतात. चित्र दिसतं, पण चिपचं अंगचं बळ वापरलं जात नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पडद्याचा खरा आकारही पुष्कळदा त्याला कळत नाही. आमच्या अभ्यासिकेत झालं ते हेच.

मग आम्ही खरा ड्रायव्हर शोधायला निघालो. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आमचं मॉडेल सापडलं, पण ड्रायव्हरची यादी आम्ही मागे सोडून आलेल्या सिस्टिमपाशीच थांबली होती. चिप बनवणाऱ्या कंपनीकडे गेलो. तिथं लिहिलं होतं, ड्रायव्हर संगणकाच्या कंपनीकडून घ्यावा. म्हणजे तलाठ्याने तहसीलला पाठवावं आणि तहसीलने पुन्हा तलाठ्याकडे, असा प्रकार. शेवटी इंटरनेटवर नुसतं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणवणारी दुकानं आली. फुकट तपासणी, संगणकात इतके दोष सापडले, दुरुस्तीसाठी पैसे भरा. आमच्या पोराने त्यातलं एक उतरवलंही. ड्रायव्हर आला नाहीच, उलट ब्राउझरवर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला आणि तो साफ करण्यात आणखी एक दिवस गेला.

इथं कुणी म्हणेल, बारा वर्षांचा संगणक किती दिवस चालवणार? नवा घ्या. हा प्रश्न मी टाळणार नाही. कंपनीने एखाद्या चिपसाठी जन्मभर ड्रायव्हर लिहीत बसावं, अशी अपेक्षा मीही करत नाही. त्याला माणसं लागतात, पैसा लागतो. जुनी सिस्टिम सुरक्षित राहत नाही हेही खरं. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोम ब्राउझरने २०२३ च्या फेब्रुवारीत, ११० व्या आवृत्तीपासून, विंडोज ७ आणि ८.१ सोडून दिल्या. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हा सल्ला योग्यच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. कंपनीने एखादं उत्पादन सोडून द्यावं, पण सोडताना किल्ली ठेवून जावं. भाडेकरूने घर सोडलं तरी कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकत नाही.

ही किल्ली ठेवता येते, याचं उदाहरण याच धंद्यात आहे. एटीआय ही ग्राफिक्स चिपची जुनी कंपनी २००६ मध्ये एएमडीने घेतली. २००७ च्या सप्टेंबरमध्ये एएमडीने आपल्या चिपच्या आतल्या रचनेची कागदपत्रं मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी खुली करायला सुरुवात केली. त्या आधारावर लिनक्ससाठी ड्रायव्हर घडत गेले. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एएमडीनेच रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकेची कार्डं 'लेगसी' म्हणजे माजी ठरवली आणि विंडोजसाठी नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. पण लिनक्सवर ती कार्डं चालायची थांबली नाहीत. कागद खुले असल्याने ड्रायव्हर सांभाळण्याचं काम दुसऱ्यांनाही करता आलं.

आता दुसरी बाजू पाहा. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठी लिनक्सवर 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. त्याच्या लेखकांना वर्षानुवर्षं कंपनीकडून कागद मिळाले नाहीत. चिप काय करते ते बाहेरून न्याहाळून, अंदाज बांधून त्यांनी तो लिहिला. पडदा नीट दिसतो, पण बऱ्याच कार्डांचा वेग त्याला पूर्ण वाढवता येत नाही. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, पण त्यालाही मुदत असते. २०१२ मध्ये आलेल्या केप्लर घराण्याच्या घरगुती कार्डांना विंडोजवर नवे ड्रायव्हर मिळणं २०२१ मध्ये थांबलं. त्यानंतर काही काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहिल्या. दोन्ही कंपन्यांनी आपापली कार्डं सोडली. त्यानंतर गिऱ्हाइकाच्या हाती काय उरलं, एवढाच दोन्हींत फरक.

आणखी एक गोष्ट खटकते. नवा ड्रायव्हर लिहू नका, पण लिहून ठेवलेला तरी जागेवर राहू द्या. २०१९ च्या अखेरीस इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फायली संकेतस्थळावरून काढून घेतल्या. काही एमबींच्या या फायली. त्या ठेवायला किती खर्च येतो? त्या काढल्यावर लोक अनोळखी संकेतस्थळांकडे वळतात आणि 'अपडेटर'वाल्यांच्या जाळ्यात सापडतात. सुरक्षेचं कारण देऊन जुनं बंद करायचं आणि गिऱ्हाइकाला अधिक असुरक्षित दारात नेऊन उभं करायचं, हे कसं?

हा प्रश्न कोणाचा आहे, हेही बोलायला हवं. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांत संगणक बदलतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात आणि तिथून तालुक्यातले क्लास, छोटी दुकानं, मदरसे, अभ्यासिका आणि घरांत पोचतात. म्हणजे आपल्याकडे संगणक येतो तेव्हाच त्याचं अर्धं आयुष्य सरलेलं असतं. कंपनीचं वेळापत्रक पहिल्या मालकाच्या हिशेबाने ठरतं. दुसरा-तिसरा मालक त्यात धरलेलाच नाही. आणि हा दुसरा-तिसरा मालक बहुतेकदा गरीब असतो. पुढे तोच संगणक भंगारात गेला की तो दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडीने फोडला जातो. तिथं तो फोडणारी माणसंही आपल्यासारख्याच मोहल्ल्यांत राहतात.

सरकारने याकडे अजिबात पाहिलेलं नाही, असं नाही. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल नि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. हे चांगलंच आहे. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्क्रू, पट्टी नि सुटे भाग येतात. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे, फक्त तो हातात धरता येत नाही. म्हणून माझी मागणी दोन ओळींची आहे. उत्पादन सोडलं तरी त्याचा शेवटचा ड्रायव्हर कंपनीने डाउनलोडसाठी कायम ठेवावा. आणि ज्या दिवशी आधार संपला असं जाहीर होईल, त्या दिवशी चिपची कागदपत्रं खुली करावीत. दुरुस्तीच्या हक्काची भाषा करणाऱ्यांनी हे कलम त्यात घालून घ्यावं.

तोवर आपण काय करायचं? आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगतो. नवी सिस्टिम टाकण्याआधी चालू संगणकात 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, डिस्प्ले अडॅप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स'वर जा आणि 'हार्डवेअर आयडी' वहीत उतरवून घ्या. त्यातला पहिला आकडा कंपनीचा असतो. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी. दुसरा आकडा चिपचा. मॉडेलच्या नावापेक्षा या दोन आकड्यांवरून शोध नेमका होतो. शोध कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मायक्रोसॉफ्टच्या 'अपडेट कॅटलॉग'मध्येच घ्या. 'अपडेटर'च्या नादी लागू नका. चालू ड्रायव्हरची फाइल आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. आणि पाचही संगणकांवर एकदम प्रयोग करू नका, जो आम्ही केला. एकावर करा, आठ दिवस पाहा, मग बाकीच्यांचं बघा.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणं हा दुसरा मार्ग. त्यासाठी आतलं काही पुसावं लागत नाही. पडदा नीट आला, आवाज आला, इंटरनेट लागलं, तर ते संगणक वाचले. अडचण तिथंही आहे. उर्दूचं इनपेज, जुन्या पद्धतीचे मराठी टाइप, हिशेबाची सॉफ्टवेअरं विंडोजवरची. डीटीपीवाल्या चाचांना मी लिनक्स वापरा म्हणणार नाही, त्यांची रोजीरोटी इनपेजवर आहे. पण अर्ज, ईमेल, युनिकोडमधलं लेखन आणि व्हिडिओवरचे तास, एवढ्यासाठी ते पुरतं.

आमच्या पाचपैकी दोन संगणकांना कॅटलॉगमधला जुना ड्रायव्हर हाताने बसवल्यावर चालला. दोनांवर लिनक्स मिंट टाकलं आणि पडदा पहिल्याच झटक्यात सरळ झाला. पाचव्याला काहीच धड जमेना, तेव्हा त्यावर जुनी सिस्टिम परत टाकली आणि इंटरनेटची वायर काढून घेतली. त्यावर मुलं टायपिंगचा सराव करतात.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हरही नव्या रचनेचा. त्या यादीत न बसणारे, पण धडधाकट असलेले कितीतरी संगणक आता मोडीत निघतील आणि स्वस्तात आपल्यापर्यंत येतील. ते जरूर घ्या. पण घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा, याचा ग्राफिक्स ड्रायव्हर कुठं मिळतो? आणि मुलांच्या अर्जांचे दिवस सुरू असताना सिस्टिम बदलू नका.