शरीरातील लोहाची शिल्लक आणि मधुमेह

वाशीम जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीचे कार्ड उघडले, तर हिमोग्लोबिनचा आकडा त्यावर आवर्जून नोंदलेला आढळतो. लोहाच्या लाल गोळ्या तर प्रत्येकीलाच मिळतात, आणि हा आकडा अकराच्या खाली उतरला की त्यांची मात्रा दुप्पट होते. परंतु शरीरात लोहाचा साठा प्रत्यक्षात किती आहे हे दर्शविणारा फेरिटिनचा आकडा त्या कार्डावर बहुधा नसतो, आणि तो नसल्याची खंतही कोणास वाटत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे कणगीतले रोजच्या दळणाचे धान्य आणि फेरिटिन म्हणजे पेवात पुरून ठेवलेली शिल्लक. कणगी रिकामी दिसली एवढ्यावरून पेवही रिकामेच असेल असा निवाडा कोणताही जाणता शेतकरी करणार नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, सिकलसेल, जुनाट संसर्ग यांनीही रक्त कमी होते.

या भेदाकडे दुर्लक्ष करणे आता परवडणारे नाही, कारण साठलेल्या लोहाचा मधुमेहाशी असलेला संबंध वैद्यकशास्त्रास दीर्घकाळ ज्ञात आहे. प्रौढ देहात तीनचार ग्रॅम लोह असते, त्यातून रोज एकदोन मिलिग्रॅमच बाहेर पडते, आणि जादा लोह उत्सर्जित करण्याची स्वतंत्र व्यवस्था निसर्गाने दिलेली नाही. त्यामुळे मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांत व पुरुषांत ते वयाबरोबर साचत जाते. हे अतिरिक्त लोह यकृतात व स्वादुपिंडात विध्वंसक ऑक्सिडीकरणास चालना देते; इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची त्याविरुद्धची संरक्षणशक्ती मुळातच तोकडी, आणि यकृतही इन्शुलिनला दाद देईनासे होते. फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १८६५ साली मधुमेह, यकृतविकार आणि काळवंडलेली त्वचा एकाच रुग्णात वर्णिली होती, आणि ही लोह साचण्याच्या विकाराची खूण होय; वारंवार रक्त घ्यावे लागल्याने अंगात लोह साचणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांनाही पुढे मधुमेह जडू शकतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून २००४ मध्ये असेही दिसून आले की, वरकरणी निरोगी स्त्रियांतही ज्यांचे फेरिटिन अधिक, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता अधिक. दाह किंवा यकृतातील चरबी यांमुळेही फेरिटिन चढते, म्हणून हा संबंध म्हणजे कार्यकारणाचा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि सावधगिरीस एवढा आधार पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाशीमला ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, आणि लोहयुक्त फोर्टिफाइड तांदूळ रास्तभाव दुकानांतून देण्याची योजना आखली गेली, तेव्हा अशा जिल्ह्यांचा क्रम आधी लागला. शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेला तो किंचित पिवळसर, हलका दाणा सुपात पाखडताना नजरेस येतो, पाण्यात तरंगतो, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून कित्येक घरांत वेचून फेकला जातो. म्हणजे जिला लोहाची निकड, तिनेच ते टाकून द्यावे आणि अधिकाऱ्यांनी मात्र ते पोहोचले असे दप्तरी नोंदवावे. जिथे तो वेचला जात नाही, तिथे एकाच पातेल्यातला भात रक्तक्षय झालेल्या सुनेच्या ताटात पडतो, तसाच साखरेची गोळी घेणाऱ्या सासऱ्याच्याही. त्यात अशक्तपणावर उपाय म्हणून मेडिकलमधून आणलेली टॉनिकची बाटली सासरेबुवाच रिकामी करतात! गोळ्या, लोहयुक्त मीठ, तांदूळ असे लोहाचे थरावर थर चढविण्याविरुद्ध बंगळुरूचे डॉ. अनुरा कुरपाड व दिल्लीचे डॉ. हर्षपाल सिंग सचदेव यांनी २०२१ मध्ये दिलेला इशारा गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

दुसरीही एक गफलत आहे. लोहाची उणीव असलेल्या व्यक्तीत ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, खऱ्यापेक्षा अधिक दिसू शकते. लोह भरून निघाले की तोच आकडा खाली येतो. राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदविले असताना, केवळ या एका तपासणीवर मधुमेहाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. उपाशीपोटीची साखरही पाहिलीच पाहिजे.

गोळ्या बंद करा, असे यातून कोणी समजू नये. गरोदरपणातील रक्तक्षयाने माता दगावतात, आणि त्या गोळ्यांना पर्याय नाही. ज्या बाईला त्या लिहून दिल्या आहेत तिने त्या घ्याव्यातच, फक्त त्यांवर लगेच चहा पिऊ नये. माझी मागणी जिल्हा प्रशासनाकडे आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतून स्त्रियांचे, चाळिशीपुढील पुरुषांचे व ज्ञात मधुमेही रुग्णांचे नमुने घेऊन फेरिटिन तपासावे, दाहामुळे आकडा फसवू नये म्हणून सोबत सीआरपीही पाहावे, आणि त्याच्या खर्चाची तरतूद जिल्हा नियोजन समितीने करावी. हे सारे पुढील वर्षाच्या गोळ्यांच्या मागणीपत्रावर सही होण्यापूर्वी व्हावे.