दोष कुणाचाच नाही

मागच्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एक मावशी लेकीला घेऊन दवाखान्यात आल्या. लेक २६ वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. पाळी वर्षभर बंद. सुरुवातीला दिवस गेले म्हणून सासरी पेढे वाटले गेले, मग टोमणे सुरू झाले. नवस झाले, अंगारे झाले.

रक्ततपासणीत एफएसएच हे संप्रेरक खूप वाढलेलं आढळलं. म्हणजे मेंदू बीजांडकोशाला हाका मारतोय, पण तिकडून ओ येत नाही. चाळिशीच्या आत असं झालं की गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करावी लागते. त्यासाठी थोडं रक्त पुरतं.

अहवाल आला. काही पेशींत दोन एक्स गुणसूत्रं, काहींत एकच. टर्नर सिंड्रोमचा हा मिश्र प्रकार. बीजांडांचा साठा टिकायला दोन्ही एक्स लागतात. एक नसला की तो झपाट्यानं संपतो. कित्येक मुलींना पाळी येतच नाही. हिच्या काही पेशी पूर्ण होत्या, म्हणून पाळी आली, पण लवकर थांबली.

मावशींचे डोळे भरून आले. "बाई, पोटुशी असताना माझ्याकडनं काय चुकलं हो?"

"काही नाही मावशी. गर्भाच्या पहिल्या पेशी विभागताना आपोआप झालेली ही चूक. तुमच्या खाण्यापिण्याचा, वयाचा तिच्याशी संबंध नाही."

चुकलं असेल तर माझं. ही मुलगी १३ वर्षांची असताना उंची वाढत नाही म्हणून मावशी तिला माझ्याकडेच घेऊन आल्या होत्या. "आईवर गेलीय," म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच तपासणी केली असती, तर उंचीसाठी उपचार झाले असते आणि पुढचं आधी कळलं असतं.

आता तिला इस्ट्रोजेन सुरू केलंय, जोडीला प्रोजेस्टेरॉन. साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायचं. मूल हवं असो वा नसो, हाडांसाठी आणि हृदयासाठी ते लागतंच. दात्या स्त्रीच्या बीजांडानं मूल होऊ शकतं. पण टर्नरमध्ये महाधमनीला धोका असू शकतो, म्हणून आधी हृदयाची तपासणी.

मैत्रिणींनो, मुलगी बरोबरीच्या मुलींपेक्षा फारच बुटकी राहिली, १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही किंवा येऊन थांबली, तर नवसाआधी रक्त तपासा. आणि डॉक्टर "येईल हळूहळू" म्हणाले, तर पुन्हा विचारा. मला कुणी तसं विचारायला हवं होतं.