हिमालयाचा रेटा, कशेळीचा कातळ

ठाण्याहून भिवंडीकडे निघालो आणि कशेळीचा खाडीपूल ओलांडला, की गोदामे आणि नव्या इमारती दिसू लागतात. या परिसराच्या पोटात काळा कातळ आहे. तो घट्ट, म्हणून भूकंपाची चिंता हिमालयवाल्यांनी करावी, अशी आपली सोयीची समजूत. ती खरी आहे का?

हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा. तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला धडकली. समुद्रतळाचा जड खडक अशा टकरीत खाली बुडतो. इथे दोन्हीकडे खंडांचा हलका खडक. त्यामुळे कवच दुमडले, जाड झाले आणि हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात म्हणूनच सागरी जीवांचे अवशेष सापडतात. ही टक्कर अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतो, साधारण आपली नखे वाढतात त्या गतीने.

भिंतीला टेकवून काठी रेटली, तर ती मध्येच, जिथे कच्ची असेल तिथे मोडते. तसाच हा रेटा दूरवरच्या जुन्या भेगांवर ताण आणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत तेच घडले. सुमारे दहा हजार माणसे गेली. नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द करावा लागला. कोयनेला १९६७ मध्ये मोठा धक्का बसला. तिथे धरणाच्या पाण्याचाही वाटा मानला जातो. आपल्या शेजारच्या पालघरमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली.

किल्लारीत माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांच्या ओझ्याने. भिवंडीत तर सप्टेंबर २०२० मध्ये भूकंपाशिवायच इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले. मग जमीन हलली तर?

भूखंडांची टक्कर थांबवणे आपल्या हाती नाही; खांबातली सळई आहे. भक्कम बांधकाम महाग पडते, हे खरे. पण ढिगारा उपसणे त्याहून महाग. आपण गृहप्रवेशाचा मुहूर्त दहादा विचारतो. घर भूकंपाचा हिशेब धरून बांधले आहे का, हे एकदा तरी विचारू या. गोदामाच्या मालकालाही तेच विचारावे. आत आपलीच मुले कामाला असतात.